जुन्या विमानाचे पार्ट शोधताय? या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात एका जुन्या पुष्पक विमानाचा सांगाडा तीन वर्षांपासून उभा आहे. त्यातलं पहिलं वर्ष आम्ही एकच प्रश्न विचारण्यात घालवलं, ‘पुष्पकचा पार्ट आहे का?’ पलीकडून उत्तर ठरलेलं, ‘ते विमान कधीच बंद झालं.’ खरंच आहे ते. एचएएल या सरकारी विमान कंपनीने १९५८ साली पुष्पक पहिल्यांदा उडवलं, सुमारे दीडशे बनवली, फ्लाइंग क्लबांत ती वर्षानुवर्षं राबली आणि संपली.

पण एचएएलने बनवला तो सांगाडा. इंजिन काँटिनेंटलचं सी-९०, आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग), कार्ब्युरेटर, डॅशबोर्डवरची मीटर हे सगळं ज्याच्या त्याच्या कंपनीचं. सी-९०चा धाकटा भाऊ ओ-२०० सेस्ना १५० या छोट्या विमानात बसला, त्यामुळे त्याचे पार्ट आजही मिळतात. त्यातले बरेच सी-९०लाही लागतात, काही मात्र दिसायला जुळे असूनही लागत नाहीत. तेव्हा विमानाचं नाव सोडा, पार्ट नंबर विचारा. इथे आणखी एक खड्डा आहे. रॉकेलने पुसल्यावर ओतीव भागावर उठून दिसणारा आकडा बहुतेक वेळा साच्याचा असतो, पार्टचा नव्हे. आम्ही तोच आकडा कळवला आणि भलतंच खोकं सोडवून घेतलं. खरा नंबर पार्ट्स कॅटलॉगमधूनच काढायचा.

बोल्टची चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महाग. आमचा टर्नर हुशार माणूस, पण पहिल्याच दिवशी म्हणाला, “साहेब, पाचचा टाका ना, कुठे फरक पडतोय?” विमानाचा एएन-३ मापाचा बोल्ट ३/१६ इंच जाडीचा, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. पाचचा बसवायचा तर फिटिंगचं भोक मोठं करावं लागतं, आणि मोठं केलेलं भोक पुन्हा लहान होत नाही. बोल्ट गेला तर शे-दोनशे रुपये जातात. फिटिंग गेलं तर ते आणायचं कुठून? हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्टेनलेस बोल्टही नको, त्याची ताकद वेगळी. लांबीच्या आकड्यांतही गंमत आहे. एएन-३-७ म्हणजे ७/८ इंच, पण एएन-३-१० म्हणजे सरळ एक इंच. मधले ८ आणि ९ नाहीतच. हे माहीत नसताना आम्ही दहा अष्टमांश समजून मागवले होते.

‘न वापरलेला, पॅकबंद’ या शब्दांना भुलू नका. पाकिटात पडूनही रबर म्हातारं होतंच. जुने सील, होज घ्यायचेच नाहीत, नवीन घ्यायचे. मॅग्नेटोचंही तसंच. इंजिन गार असताना झकास सुरू होतं आणि तापलं की अडखळतं, मग लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. आधी मॅग्नेटोची कॉइल आणि कंडेन्सर तापवून तपासा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत जुनं इन्सुलेशन फार टिकत नाही.

जुन्या मीटरची काच तर उघडूच नका. आकडे अंधारात चमकत नाहीत म्हणजे धोका संपला, असं नाही. आकड्यांच्या रंगाची चमक मेलेली असते, त्यातलं किरणोत्सारी रेडियम मात्र मेलेलं नसतं. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. तो पिवळट चुरा नाकातोंडात जाता कामा नये.

कागदांचं थोडक्यात सांगतो. विमान उडवायचं असेल तर पार्ट वापरण्यालायक असल्याचा दाखला लागतो. अमेरिकेचा एफएए ८१३०-३, युरोपचा ईएएसए फॉर्म १ किंवा आपल्या डीजीसीएचा सीए फॉर्म १ यांपैकी काय चालेल, हे आधी आपल्या एएमईला, म्हणजे परवानाधारक विमान-देखभाल इंजिनिअरला विचारा, मग पैसे पाठवा. अमेरिकेत मालकाने स्वतः पार्ट बनवल्याचे व्हिडिओ दिसतात. तिकडची ती सवलत इकडे आपोआप लागू होत नाही. आणि पाठवणाऱ्याला इन्व्हॉइसवर नुसतं ‘मेटल पार्ट्स’ लिहू देऊ नका. विमानाचे बरेच सुटे भाग कस्टम्सच्या ८८०७ या शीर्षकाखाली येतात. आमचं एक पार्सल त्या दोन शब्दांपायी पाच आठवडे अडकलं होतं.

तुटका पार्ट भंगारात टाकणं ही शेवटची चूक, आणि ती आमच्याच हातून झाली. डाव्या दरवाजाची कडी एचएएलच्या स्वतःच्या ड्रॉइंगची, बाजारात कुठेही नाही. तिचा अर्धा तुकडा होता, तोही साफसफाईत गेला. आता उजव्या कडीचं माप उलटं करून नमुना बनवतोय. तिसरा प्रयत्न चालू आहे. काढलेला प्रत्येक तुकडा हल्ली चिठ्ठी बांधून पारलेच्या डब्यात जातो.