जुन्या पेंटियमवर विंडोज ९८ चढवण्याआधी

लग्नपत्रिका, टॉवेलांची लेबलं, सोलापूरच्या गड्डा यात्रेची पत्रकं अशा पेजमेकरमधल्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या) फायलींसाठी छापखान्यातला पेंटियम पुन्हा उभा करायचा असेल, तर विंडोजची सीडी सगळ्यात शेवटी हातात घ्या. पहिलं काम जुन्या हार्ड डिस्कचं. ती काढून आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरने चालू कॉम्प्युटरला जोडा आणि सगळा डेटा उतरवून घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत; म्हणून कन्व्हर्टर वेगळ्या अ‍ॅडॉप्टरसकट घ्यायचा. विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही उचला. श्रीलिपी, आकृती या मराठी टायपिंगच्या पॅकेजचे त्या काळचे फॉन्ट युनिकोड नव्हते. नेमका तोच फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कॉपी उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटचं नाव काढू नका.

डिस्क बाहेर आहे तोवर कॅबिनेट साफ होऊन जाऊ दे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी राहिलेल्या मशीनमध्ये नुसती धूळ नसते, सुताचे तंतू पंख्याला गुंडाळलेले असतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा. एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) मागचा स्विच २३० वर आहे ना, बघा. ११५ वर राहिला तर चालू करताच धूर. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर आधी ते बदलून घ्या. सीआर २०३२ सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, त्याशिवाय बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, तारीखही धरून ठेवत नाही.

आता खरी जमवाजमव. ९८ चढल्यावर त्या मशीनला बाहेरून काही मिळेल ही आशा सोडा. आजच्या बहुतेक वेबसाइट तिथे उघडत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर तो ड्रायव्हर मागतो, आणि तो ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर असतो! म्हणून चिपसेट, डिस्प्ले, साउंड, यूएसबी असे सगळे ड्रायव्हर आधीच सीडीवर राइट करा. कोणते हवेत ते कार्डावरच्या चिपच्या नंबरावरून कळतं. कॅबिनेट उघडं असतानाच मोबाइलने फोटो काढून ठेवा.

विंडोज घ्यायचं ते १९९९ची सेकंड एडिशन. प्रॉडक्ट कीची २५ अक्षरं कागदावर लिहून ठेवा. सीडी बूट होत नसेल तर बूट फ्लॉपी लागेल. ती एक नव्हे, दोन-तीन करा, कारण इतक्या जुन्या फ्लॉपीचा काही भरवसा नाही. जुनीऐवजी नवी डिस्क घालणार असाल तर ती ३२ जीबीच्या आतली बरी, त्या काळचे बरेच बायोस त्यापुढे अडकतात. डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणारा एफडिस्क प्रोग्राम मोठ्या डिस्कच्या सपोर्टबद्दल विचारेल तेव्हा ‘वाय’ दाबायचं, नाहीतर २ जीबीपेक्षा मोठं पार्टिशन होत नाही. रॅम २५६ एमबी पुरे. ५१२च्या वर गेलात तर ९८ स्वतःच गडबडतं. सीडीतलं विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर टाकून सेटअप तिथूनच चालवा, म्हणजे दर ड्रायव्हरला सीडी मागत बसणार नाही.

यूपीएसशिवाय सेटअप सुरू करू नका, आणि एप्रिल-मे असेल तर सकाळीच उरका. इथल्या दुपारी जुन्या पंख्याच्या जिवावर प्रोसेसर तापवण्यात अर्थ नाही.

राहिलं मराठी टायपिंगच्या पॅकेजचं लॉक. प्रिंटर पोर्टला लागणारं ते छोटं डोंगल ड्रॉवरमध्ये शोधा आणि बायोसमध्ये पॅरलल पोर्ट चालू आहे का पाहा. लॉक हरवलं असेल तर त्या पॅकेजमधून नवा मजकूर टाइप होणार नाही, पण फॉन्ट जपले असतील तर जुनी पत्रिका उघडून प्रिंट तरी काढता येईल.