जुना जॅझ ऐकायचाय? मग एका वेळी एकच तबकडी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडचा चार सीडींचा सेट मोठ्या हौसेनं घेतला, रविवारी सकाळी लावला आणि कांदे चिरायला बसलो. तासाभरात सगळं एकसारखंच वाटायला लागलं, तीच खरखर, तोच बँजो, सगळे एकदम वाजवतायत, शेवटी बायकोनं विचारलं की घरात सर्कस आलीय का. सेट जो कपाटात गेला तो थेट पुढच्या दिवाळीच्या साफसफाईला बाहेर आला.

सेटचा काही दोष नव्हता हो. आपण ज्याला अल्बम म्हणतो तो या लोकांनी कधी केलाच नव्हता. हॉट फाइव्हचं पहिलं रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९२५ मधलं, शिकागोतलं, आणि तेव्हा सगळा मामला दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. लोक एक बाजू ऐकायचे, उठायचे, तबकडी उलटायची, चावी द्यायची, मधे कानाला आपोआप उसंत. अल्बम हा शब्दसुद्धा तिथूनच आला, फोटोच्या अल्बमसारखी जाड पुठ्ठ्याची वही असायची, तिच्यात या तबकड्या ठेवायचे. ज्यांच्या घरी बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण मात्र अशा पंचवीस बाजू सलग ऐकतो आणि वर म्हणतो कंटाळा आला, अरे पंचवीस उकडीचे मोदक एका बैठकीत खाल्ले तर दुसरं काय होणार.

तर माझी पद्धत अशी, एका बैठकीला दोन बाजू, फार तर तीन, आणि प्रत्येक बाजू लागोपाठ तीनदा. पहिल्यांदा नुसती ऐकायची. दुसऱ्यांदा एकच वाद्य पकडून शेवटपर्यंत सोडायचं नाही, शक्यतो मागचं, बँजो किंवा पियानो. तिसऱ्यांदा डोळे मिटून. हातात मोबाईल नको, एवढी वीस-पंचवीस मिनिटं तर जमतील की.

खरखरीचं म्हणाल तर दोन दिवसांत सवय होते, पत्र्यावरच्या पावसासारखी ती मागे पडते. पण व्हर्जन निवडताना जपा. खरखर पार पुसून टाकलेली, वर एको आणि खोटा स्टिरिओ चढवलेली व्हर्जन्स ऑनलाइन ढिगानं आहेत, त्यात खरखरीबरोबर झांजा आणि श्वास पण गेलेला असतो. जॉन आर. टी. डेव्हिस या माणसानं साफ केलेली ट्रान्सफर, म्हणजे जुन्या तबकडीवरून उतरवलेली प्रत, मिळाली तर डोळे झाकून घ्या. आणि बेस वाढवू नका, तो मुळात तिथे नाहीच. १९२५च्या आधी रेकॉर्डिंगला सहसा मायक्रोफोनच नसायचा, वादक एका मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचे आणि आवाजाच्या जोरावर सुई मेणात रेघ कोरायची. किंग ऑलिव्हरच्या बँडनं १९२३ मधे इंडियानातल्या रिचमंड गावी रेकॉर्डिंग केलं तो स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून, गाडी आली की काम बंद. मोठा ढोल वाजवला तर सुई उडायची म्हणून ड्रमवाला लाकडी ठोकळ्यांवर भागवायचा. हे माहीत असलं की ती टकटक वेगळीच ऐकू येते.

सुरुवात मी नेहमी ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या सेंट लुइस ब्लूजनं करायला सांगतो, जानेवारी १९२५ चं रेकॉर्डिंग. कारण साथीला कोण आहे ऐका, पेटी! म्हणजे हार्मोनियम, पायपेटीच्या जातीतली, फ्रेड लाँगशॉ वाजवतोय, आणि दुसरीकडे कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्या धाकट्या भावावर, लुई आर्मस्ट्राँग. बस्स, इतकेच तिघं. मावळता सूर्य बघवत नाही असं ती म्हणते, तीच ओळ पुन्हा म्हणते, मग तिसऱ्या ओळीत कारण कळतं की तो बघून आपली ही शेवटचीच फेरी असं तिला वाटतं. ब्लूजची ठेवणच ही, ओळ, तीच ओळ, आणि मग उत्तर. आता दुसऱ्या वेळेला बेसी सोडा आणि तिच्या दोन ओळींच्या मधली जागा ऐका, तिनं श्वास घेतला की कॉर्नेट तिचंच वाक्य पुढे नेतो, अगदी आपल्याकडे गाणारा थांबला की सारंगीवाला ती जागा भरतो तसं. आणि तिचा गंधार बघा, ना धड कोमल ना धड शुद्ध, मधेच कुठेतरी. पाश्चात्त्य संगीत म्हणजे पियानोच्या पट्ट्या असं ज्यांना वाटतं त्यांनी तर हे ऐकावंच.

ते पचलं की आर्मस्ट्राँगचं वेस्ट एंड ब्लूज, २८ जून १९२८. सुरुवातीचे पंधराएक सेकंद ट्रम्पेट एकटा, साथ नाही, ताल नाही. मग सगळे येतात आणि इथून मांडीवर मात्रा मोजायला घ्या, चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन, साधारण अर्ध्या मिनिटाचं. अशी पाच आवर्तनं आहेत. दुसऱ्यात ट्रॉम्बोन आणि मागे घोड्याच्या टापांसारखी टकटक, तिसऱ्यात क्लॅरिनेट काहीतरी म्हणतो आणि आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय, नुसत्या आवाजात त्याला उत्तर देतो, चौथ्यात अर्ल हाइन्सचा पियानो. पाचव्यात आर्मस्ट्राँग वरचा एक सूर धरतो आणि सोडतच नाही, जवळजवळ सोळा मात्रा. मोजत नसाल तर तो फक्त लांब सूर वाटतो, मोजत असाल तर आपलाच श्वास अडकतो. कांदे चिरताना हे मला ऐकूच आलं नव्हतं.

गिटारवर ब्लूज गाणारा रॉबर्ट जॉन्सन मात्र तिसऱ्या आठवड्याच्या आधी नको. आणि चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची ती गोष्ट बाजूला ठेवा, तिच्या नादात गिटार ऐकायची राहते. १९३६ आणि १९३७ मधे मिळून त्यानं २९ गाणी रेकॉर्ड केली, १९३८ मधे वयाच्या २७व्या वर्षी गेला. १९९०चा पूर्ण संच चांगला आहे पण त्यात एकाच गाण्याचे दोन-दोन टेक, म्हणजे तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलेलं, लागोपाठ येतात, नवख्याचा त्यात जीव जातो, त्यापेक्षा १९६१ची सोळा गाण्यांची एलपी घ्या. एकदा फक्त अंगठा ऐकायचा, खालच्या तारांवर चाललेला, मग वरच्या बोटांचं काम, आणि मग स्वतःलाच पटवायचं की हा एकच माणूस आहे. तारेवर सरकवून काढलेल्या सुरांना आपण सरळ मींड म्हणायला हरकत नाही.

कोणी म्हणेल हे आपल्यापासून फार लांबचं. इतकंही नाही. १९२६ मधे शिकागोत एर्स्किन टेटच्या बँडच्या तबकडीवर आर्मस्ट्राँगबरोबर पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमधे वाजवायचा.

आणि घरच्यांना ऐकवायचं असेल तर दहा मिनिटांचा एक बेत सांगतो. १९७७ मधे व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात हॉट सेव्हनचं मेलँकली ब्लूज आहे, केरीच्या केसरबाई केरकरांचं भैरवीतलं जात कहाँ हो आहे, आणि त्यांच्या लगेच पुढे ब्लाइंड विली जॉन्सन, १९२७चं, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि सरकती गिटार. तिन्ही तीन-साडेतीन मिनिटांची. याच क्रमानं लावा, केसरबाई संपल्या की मधे बोलू नका, लगेच पुढचं सुरू करा. आमच्याकडे सर्कस म्हणणारीनं ते शेवटचं परत लावायला सांगितलं.