घंटा उतरवण्याआधी

आमच्या वाई तालुक्यातल्या चर्चच्या दोन्ही घंटा नाताळ उरकला की जानेवारीत तपासायला घ्यायचं ठरलंय. पावसात मनोऱ्याची फळीन् फळी निसरडी असते, आणि नाताळच्या तोंडावर घंटा मुकी राहणं कुणालाच सोसायचं नाही. पंचांसाठी आणि तरुण संघासाठी ही तयारी लिहून काढली. ज्यांच्या गावात अशी जुनी घंटा आहे, त्यांच्याही ती उपयोगी पडावी.

पहिलं काम आवाज रेकॉर्ड करून ठेवण्याचं. मोबाइल पुरतो. एकदा मनोऱ्याखालून, एकदा गावाच्या वेशीवरून. पुढे कुणी म्हणालं, ‘पूर्वीसारखी वाजत नाही,’ तर ताडून बघायला हेच हाताशी असेल.

मग खिशात लोहचुंबक घेऊन वर चढायचं. त्याआधी मधमाश्यांचं पोळं नाही ना, हे खालून नीट बघून घ्या. चुंबक चिकटलं नाही तर घंटा काशाची, म्हणजे सुमारे ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. चिकटलं तर पोलादी किंवा बिडाची. शेफील्डच्या नेलर व्हिकर्सने एकोणिसाव्या शतकात ओतीव पोलादाच्या घंटा दूरदूर पाठवल्या होत्या, तेव्हा तशी घंटा निघाली तर नवल नाही. दोघींची निगा मात्र उलटी. पोलादी घंटेचा गंज काढून तिला रंग द्यावा लागतो. काशाच्या घंटेला रंग दिला की तिचा नाद दबतो. काशावरचा हिरवट थर खालच्या धातूला जपतो, त्याला हात लावू नका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, ग्राइंडर, यातलं काहीही वर न्यायचं नाही. माझ्या लहानपणी आमची धाकटी घंटा नाताळच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून लख्ख केली जायची. प्रेमानेच. आज तिच्यावरची अक्षरं बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून अक्षरांचा ठसा आधी घ्यायचा. पातळ कागद घट्ट धरून वरून पेन्सिल आडवी घासली की साल, ओतणाऱ्याचं नाव, नक्षी असं सगळं उमटतं. जवळच मेणवलीला कृष्णेच्या घाटावर जी पोर्तुगीज घंटा आहे, ती १७३९ च्या वसईच्या विजयानंतर इकडे आली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. घंटा कुठून आली, हे असं तिच्या अंगावरच राहतं.

आता खरी तपासणी. घंटा मोकळी लोंबती ठेवून लाकडी हातोडीने कडेभोवती हलके ठोके द्यायचे. नाद लांबत गेला तर ठीक. फुटक्या भांड्यासारखा बद्द आला तर त्या क्षणापासून वाजवणं बंद. लोळा, म्हणजे घंटेच्या आत लोंबणारा ठोका देणारा दांडा, जिथे आपटतो तिथली जाडी आणि बाजूची जाडी कॅलिपरने मोजून लिहा. वर्षानुवर्षं एकाच जागी मार बसून तिथे खळगा पडतो. मग घंटा पाव फेरा फिरवून टांगली की लोळा नव्या जागी बसतो, आणि एवढ्यावरच पुष्कळ घंटा सावरतात. लंडनच्या बिग बेनला १८५९ साली, वाजू लागल्यावर दोनच महिन्यांत तडा गेला. हातोडा फार जड होता. घंटा एक अष्टमांश फिरवली, हातोडा हलका केला. ती आजही त्या तड्यासकट वाजते.

लोळ्याला थेट दोर बांधून ओढायची आपल्याकडची सवय मला सगळ्यात जास्त छळते. ओढणारा दोर सैल सोडत नाही, लोळा कडेला दाबून राहतो, धातूला थरथरायला जागा मिळत नाही, आणि अशानेच घंटा तडकते. दोर आताच सोडवून ठेवा. लोळ्याची लोखंडी कडी घंटेच्या डोक्यात ओततानाच बसवलेली आहे का, तेही आतून बघा. अशी कडी गंजून फुगते आणि तडा वरून सुरू होतो.

तडा सापडला तर गावातल्या वेल्डरला बोलावू नका, तो कितीही आपला असला तरी. कासं एकाच जागी तापवलं की शेजारी आणखी फाटतं. जाणकार माणसं अख्खी घंटा भट्टीत सावकाश तापवतात आणि जोडल्यावर तितक्याच सावकाश निववतात.

उतरवायचीच वेळ आली तर वजनाचा अंदाज हवा. ६० सेंटीमीटर तोंडाची काशाची घंटा साधारण सव्वाशे ते दीडशे किलो भरते, आणि तोंड दुप्पट झालं की वजन आठपट होतं. त्यामुळे चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळी-कप्पी, त्या बेताने आणायचा, आणि तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून वाळवी नाही याची खात्री करायची. डायोसिसची (धर्मप्रांताची) लेखी परवानगी, फोटो, मापं आणि पाच जणांच्या सह्या एका फाइलमध्ये ठेवा. काशाला मोडीत भाव असतो, तेव्हा खाली आणलेली घंटा रात्री कुलपात.

राहिली एकच गोष्ट. गावात कुणी गेलं की आमच्याकडे मोठी घंटा संथ वाजते, आणि शेतातली माणसं तिथूनच घरी वळतात. ती खाली असेल तेवढे दिवस शाळेकडचा रेल्वेरुळाचा तुकडा मागून आणून चर्चच्या दारात टांगायचा, आणि तो कुणी वाजवायचा हे आधी ठरवायचं.