कोकणात समुद्रकाठचा महागडा रिसॉर्ट निवडताना: आधी किनारा, मग खोली

लग्नाचा वाढदिवस असो, आईबाबांची पंच्याहत्तरी असो, की नुसतीच चार दिवसांची सुटी. कोकणात हात सैल सोडून राहायचे ठरले की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. मोबाइलवर दहा रिसॉर्टचे फोटो उघडतात, प्रत्येकात निळा स्विमिंग पूल आणि माडाआडचा सूर्यास्त असतो, आणि शेवटी भाव बघून काहीतरी ठरते. माझे सांगणे उलट आहे. पलंग, पूल, न्हाणीघर या गोष्टी पैसे टाकून कुठेही उभ्या करता येतात. समोरचा किनारा मात्र कोणत्याही मालकाला बदलता येत नाही. म्हणून आधी किनारा ठरवा आणि मग त्यावरचा रिसॉर्ट.

१. कुठला पट्टा, ते ठरवा

मालदीवसारखे स्वतंत्र बेट मनात असेल तर ते इथे सोडून द्या. आपल्या किनाऱ्यालगतची मोठी नावाजलेली बेटे किल्ल्यांची आहेत: खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. ती बघायला होडीने जायचे आणि परत यायचे. बेटाच्या सर्वांत जवळ जाणारा अनुभव हवा असेल तर तारकर्लीच्या पुढे देवबागला जा. एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, अशी त्या गावाची ठेवण आहे.

मुंबईकरांना दोनच दिवस मिळणार असतील तर अलिबाग, किहीम, नागाव बरे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरता येते. पण तिथली वाळू काळपट आणि पाणी गढूळ असते. निळेहिरवे पाणी बघायचे असेल तर दक्षिणेला, मालवण-वेंगुर्ल्याकडेच जावे लागते. कुडाळ किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरून पुढे गाडी करायची. वेंगुर्ले, शिरोड्याकडे जाणाऱ्यांना सावंतवाडी स्थानक किंवा गोव्यातला मोपा विमानतळ सोयीचा. या प्रवासाला जाताना एक आणि येताना एक दिवस धरा. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर दक्षिणेचा महागडा रिसॉर्ट परवडला असे म्हणता येणार नाही.

मधला पट्टा दापोली, गुहागर, गणपतीपुळ्याचा. लहान मुले बरोबर असतील तर इथे जरा थांबून विचार करा. मुरुड-कर्दे भागातली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सपाट आणि लांबरुंद आहे, मुले घोट्याएवढ्या पाण्यात तासभर खेळू शकतात. गणपतीपुळ्याला मात्र उतार एकदम खोल जातो आणि पाण्याला ओढ आहे. तिथे पोहता येणारी मोठी माणसेही बुडाली आहेत. देवदर्शन आणि आरे-वारेच्या रस्त्यावरून दिसणारा समुद्र यांसाठी गणपतीपुळे उत्तम, पण पाण्यात खेळण्यासाठी मी कुणालाही तिथे पाठवणार नाही.

२. तारीख ठरवताना तिथी बघा

रिसॉर्टचे संकेतस्थळ ही गोष्ट सांगत नाही, आणि सुटीची निम्मी मजा हिच्यावर अवलंबून असते. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्येलाही पंधराच धरायचे. दिवसातून दोनदा भरती, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. घड्याळ लावून बसण्याइतका हा हिशेब काटेकोर नाही, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो.

आता हे मुक्कामाला लावून पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी भरती असते, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पाणी उतरलेले आणि चालायला मैलभर ओली वाळू. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी चढलेले असते. अरुंद किनाऱ्यावर त्या वेळी बसायलाही जागा उरत नाही. मात्र अष्टमीला भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे पाण्याची ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे ओढ जास्त. वृद्ध माणसे आणि मुले असतील तर सप्तमी ते दशमी निवडावी, आणि फिरण्याची हौस असेल तर पौर्णिमा. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जाऊन बघायचा तर ओहोटीच गाठावी लागते.

३. ‘सी टच’ या शब्दाची झडती घ्या

जाहिरातीतला हा शब्द खूप काही झाकतो. नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहाचे चित्र उघडा आणि रिसॉर्टच्या फाटकापासून वाळूपर्यंतचे अंतर मोजा. मधे डांबरी रस्ता आहे का? सुरूचे बन आहे का? सुरूचे बन असेल तर चांगलेच, वारा अडतो आणि सावली मिळते. शेजारी होड्यांची रांग दिसली तर तो मासेमारीचा बंदरकाठ आहे. तिथे पहाटेपासून वर्दळ आणि सुक्या मासळीचा वास असणार. मला तो आवडतो, पण सगळ्यांना चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: समोर पुळण आहे की बंधारा? देवबागसारख्या गावांत समुद्र वर्षानुवर्षे जमीन खातो आहे, म्हणून लोकांच्या घरांपुढे काळ्या दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातले आहेत. गावासाठी ते गरजेचेच आहेत. पण तुम्ही ‘खोलीतून थेट वाळूवर’ अशा आशेने गेलात आणि समोर पुरुषभर उंचीचे दगड निघाले, तर पैसे वाया गेले म्हणून समजा. ड्रोनने काढलेल्या फोटोत हे दगड सहसा दिसत नाहीत. फोन करून सरळ विचारा आणि आजच काढलेला फोटो मागवा, भरतीच्या वेळचा.

बांधकाम पाण्याच्या फारच जवळ दिसले तर परवानगीबद्दलही विचारायला संकोच करू नका. किनारा नियमनाच्या २०१९च्या अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी, दाट वस्तीच्या ठिकाणी भरतीरेषेपासून ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर, असा ना-विकास पट्टा सांगितला आहे. जुनी घरे आणि काही अपवाद आहेत, पण नवा कोरा पक्का व्हिला त्या पट्ट्यात उभा असेल तर मालकाकडे उत्तर तयार हवे.

४. महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, तेव्हा समुद्र शांत असतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की पाणी खवळते. तारकर्ली-मालवणला स्कूबा किंवा स्नॉर्केलिंग करायचे असेल तर सकाळचीच वेळ मागून घ्या. एप्रिल-मेमध्ये हापूस असतो, पण घामाच्या धारा लागतात आणि काही गावांत विहिरींचे पाणी आटते किंवा मचूळ होते. त्या दिवसांत पाणी कुठून आणता, हे रिसॉर्टला जरूर विचारा.

पावसाळ्यात होड्या, किल्ल्यांच्या फेऱ्या आणि पाण्यातले खेळ बंद. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताज्या सुरमई-पापलेटच्या आशेवर जाऊ नका. हिरवागार कोकण बघायचा आणि व्हरांड्यात बसून पाऊस ऐकायचा, एवढ्यावर समाधान असेल तर हाच काळ भावातही हलका असतो. कोकण रेल्वे त्या दिवसांत वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने धावते, हे धरून निघा.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळास, आंजर्ले, गुहागर भागात जाणार असाल तर कासवाची पिल्ले समुद्रात जाताना बघायला मिळू शकतात. रात्री किनाऱ्यावर प्रखर दिवे लावणारा, मोठ्याने गाणी वाजवणारा रिसॉर्ट तेव्हा तरी टाळाच. पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

५. स्वयंपाकघर कुणाच्या हातात आहे

आलिशान जागी जाऊन पनीर बटर मसाला खाण्यासाठी कुणी कोकणात येत नाही, पण ताटात नेमके तेच येते. फोनवर विचारा: मासळी रोज कुठून आणता? स्वयंपाकाला गावातली माणसे आहेत का? तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, बांगड्याचे तिखले, घावणे, सोलकढी मिळेल का, की आदल्या दिवशी सांगावे लागेल? सोलकढी आमसुलांची की पाकिटातल्या पावडरीची, याचे उत्तर समोरचा क्षणात देतो की अडखळतो, यावरून मला त्या जागेचा बराच अंदाज येतो. शाकाहारी मंडळी असतील तर आंबोळी, उसळी, फणसाची भाजी यांची चौकशी करा.

६. बिल आणि बुकिंग

भाव विचारताना कर धरून विचारा. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. ७,४०० आणि ७,८०० या दोन खोल्यांतला खरा फरक त्यामुळे चारशेचा राहत नाही, १,४०० रुपयांच्या वर जातो. जेवण, जादा गादी, ड्रायव्हरची सोय आणि वीज गेल्यावर एसी जनरेटरवर चालतो का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. गणपती, दिवाळी, नाताळ यांच्या आसपास जायचे असेल तर आधी तिकीट हातात येऊ द्या, मग रिसॉर्टला आगाऊ रक्कम पाठवा. आणि रक्कम पाठवण्याआधी एवढे विचारून घ्या, की समुद्र खवळला म्हणून होडी किंवा स्कूबा रद्द झाले तर त्याचे पैसे परत मिळतात, की फक्त दुसरा दिवस मिळतो.