फ्रेंच फ्राइज घरीही कुरकुरीत होतात, बटाटा जुना घ्या

घरच्या फ्राइज मऊ पडतात, त्यामागचं कारण बहुतेक वेळा बटाट्यात असतं. नवा, पातळ सालीचा बटाटा पाणीदार असतो. तो रश्श्याला ठेवा, फ्राइजसाठी जुना, कडक बटाटा घ्या. मिळाला तर 'कुफ्री चिप्सोना' घ्याच. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही जात खास तळणीसाठी तयार केली आहे. त्यात पिष्ट भरपूर आणि साखर कमी. बटाटे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीत पिष्टाची साखर होते आणि फ्राइज आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतात.

बोटाएवढे जाड तुकडे कापून पाणी नितळ होईपर्यंत धुवा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर आणि थोडं मीठ घालून पाच-सात मिनिटं उकळा. व्हिनेगरमुळे तुकडे मोडत नाहीत. निथळून सुती कापडावर पसरा आणि अगदी कोरडे होऊ द्या. इथे घाई अजिबात नको, कारण ओलावा राहिला तर तेल उडतं आणि कुरकुरीतपणाही जातो.

तळणी दोनदा करायची. आधी मध्यम आचेवर, रंग न येऊ देता. मग बाहेर काढून पूर्ण गार करा आणि कडकडीत तेलात सोनेरी होईपर्यंत तळा. कढईत एका वेळी थोडेच तुकडे सोडा, नाहीतर तेल थंड होतं. फ्राइज तेलातून काढल्याबरोबर, गरम असतानाच मीठ भुरभुरा. पाहुणे यायचे असतील तर पहिली तळणी सकाळीच उरकून ठेवा.