शेवटी ‘ऑन’ शोधा : नागपुरात बसून रोमन प्रांतिक नाणी जमवताना

माझ्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं नाणं रुपयाएवढं आहे, काळपट हिरवं. एका बाजूला रोमन सम्राट सेव्हेरस अलेक्झांडरचा चेहरा, पण नाक पार झिजून गेलेलं. मागच्या बाजूला सैन्याची तीन निशाणं उभी आणि त्यांच्या मधल्या फटींत एकेक करून पेरलेली ग्रीक अक्षरं. ती जोडून वाचली की शब्द होतो ‘निकायेऑन’, म्हणजे निकियाकरांचं. निकिया हे आजच्या तुर्कस्तानातलं जुनं शहर. पुणेकर, सातारकर, नागपूरकर म्हणतो ना आपण, तसंच. सम्राट एका बाजूला आहे खरा, पण नाणं कुणाचं, हे गावानं मागे लिहून ठेवलंय.

भूमी अभिलेख खात्यात माझी एकतीस वर्षं गेली. गाव नमुना, शिव, नकाशा यातच जन्म गेला म्हणा. म्हणून ही नाणी मला राजांची न वाटता गावांची वाटतात, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्यालाही मी तेच सांगते : सम्राटांची यादी पुरी करायच्या मागे लागू नका. एक शहर धरा.

आधी ही नाणी कोणती ते थोडक्यात. सोन्याचांदीची मोठी नाणी मुख्यतः रोमच्या टांकसाळीची. पण साम्राज्याच्या पूर्वेकडच्या पाचशेहून जास्त शहरांनी बाजारहाटासाठी स्वतःची तांब्याची, काशाची नाणी पाडली, बहुतेक ग्रीक लेखांची, म्हणजे त्यांच्यावरचा मजकूर ग्रीक. इ.स. 275 च्या आसपास या टांकसाळी जवळजवळ सगळ्या थांबल्या. इजिप्तमधली अलेक्झांड्रियाची तेवढी सम्राट डायोक्लेशनच्या काळापर्यंत, इ.स. 296 च्या सुमारापर्यंत चालली. भारतात जमिनीतून निघालेली रोमन नाणी बहुतांशी सोन्याचांदीची आहेत, व्यापारात आलेली, आणि तीही जास्त दक्षिणेकडे. ही गावठी तांब्याची नाणी इकडे सहसा निघत नाहीत. तेव्हा कुणी ‘शेतात सापडलं, रोमन आहे’ म्हणून तांब्याचं नाणं हातावर ठेवलं तर तिथेच थांबा.

शहर कसं निवडायचं? ज्याच्याशी तुमचं काही जुळतं ते. मी रामटेकची. लहानपणापासून उठलं की गड दिसायचा, आणि डोंगर हाच देव असतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून कॅपाडोशियातलं कैसरिया पाहिलं आणि मी तिथेच अडकले. आजचं तुर्कस्तानातलं कायसेरी. त्या गावाच्या डोक्यावर आर्गेउस नावाचा ज्वालामुखीचा डोंगर आहे, आता त्याला एर्जियेस म्हणतात, उंची 3,917 मीटर. कैसरियाकरांनी तो डोंगर शेकडो वर्षं नाण्यावर पाडला. कधी नुसता, कधी चक्क वेदीवर ठेवलेला, जशी मूर्ती ठेवावी.

माझ्याकडचं सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या काळातलं आहे. ते घेऊन मी इतवारीत आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेले, कारण त्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन कळतं. तो म्हणाला, ‘ताई, हे तं तांबं आहे. याचं काय वजन करून राहिले?’ भरलं 8.9 ग्रॅम. मग त्यानंच भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, ‘पहाड आहे ना यावर!’ खालचं देऊळासारखं दिसतं ती वेदी, डोंगराच्या अंगावरच्या रेघा म्हणजे घळी. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं की त्या घळी एकेक उघडतात. सपाट उजेडात नाणं कधीच वाचू नका. उजेड बाजूनं, तिरका येईल असा दिवा ठेवा आणि नाणं फिरवत राहा.

आता वाचन. ग्रीक येत नाही म्हणून घाबरू नका, चोवीस अक्षरं आठ दिवसांत होतात. मग तीन गोष्टी शोधा. पहिली, शब्दाच्या शेवटी ‘ऑन’ आहे का. घोड्याच्या नालासारखा ओमेगा, किंवा गोल डब्ल्यूसारखा, आणि त्यापुढे न. तो दिसला की त्याच्या आधीचं गावाचं नाव. एफेसिऑन, एफेससकरांचं. आपल्या सातवाहन नाण्यांवर ‘रञो सिरि सातकणिस’ असतं, त्यातला शेवटचा ‘स’ हेच काम करतो : राजा श्री सातकर्णीचं. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 साली जो सातवाहनांचा मोठा निधी निघाला, त्या नाण्यांवरच्या ‘स’नं कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे इतिहासात आले. त्या नाण्यांची ब्राह्मी लिपी आणि ग्रीक शेजारी ठेवून शिका, दोन्ही पटकन बसतात.

दुसरी गोष्ट, साल. कैसरियाच्या नाण्यावर एप्सिलॉन-टाऊ ही दोन अक्षरं दिसली की समजा ‘एतोस’, म्हणजे वर्ष. पुढचं अक्षर हा आकडा. अल्फा एक, बीटा दोन, असं. माझ्या नाण्यावर झीटा होता. मी वर्णमाला मोजली, झीटा सहावा, म्हणून वहीत गॉर्डियनचं सहावं वर्ष लिहून टाकलं. दोन महिन्यांनी चूक कळली. ग्रीक आकडेमोडीत सहासाठी वर्णमालेतून गेलेलं एक जुनं अक्षर राखून ठेवलंय, त्यामुळे झीटा म्हणजे सात. इ.स. 243-244, गॉर्डियनचं शेवटचं वर्ष, तो पूर्वेच्या मोहिमेत मेला तेव्हाचं. एका अक्षरानं नाणं मोहिमेच्या टोकाला जाऊन बसलं. अलेक्झांड्रियाच्या नाण्यावर वर्षासाठी इंग्रजी एलसारखी खूण असते आणि तिथलं नवं वर्ष 29 ऑगस्टला लागतं, हेही लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, मानपान. ‘मेट्रो’ म्हणजे महानगर. ‘निओकोरोस’ म्हणजे सम्राटाच्या देवळाची राखण ज्या शहराकडे आहे ते, आणि हा मान किती वेळा मिळाला तेही लिहायचे. खरा स्थानिक इतिहास इथे आहे. निकिया आणि निकोमिडिया ही एकमेकांची शेजारी शहरं, कायम भांडणारी. इ.स. 193 मध्ये गादीसाठी युद्ध पेटलं तेव्हा निकिया पेस्केनियस नायगरच्या बाजूनं गेली, निकोमिडिया सेप्टिमियस सेव्हेरसच्या. सेव्हेरस जिंकला आणि निकियाच्या पदव्या गेल्या. आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या आणि आता हिवाळी अधिवेशनापुरती गजबजणाऱ्या शहरात जो राहतो, त्याला निकियाकरांना काय वाटलं असेल ते समजावून सांगावं लागत नाही.

खरेदीचं सांगते. ऑक्सफर्डहून चालवली जाणारी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ ही सूची इंटरनेटवर फुकट आहे. शहर आणि मागचं चित्र टाकलं की नाणी समोर येतात. घेण्याआधी तिथे जुळवा, मगच पैसे द्या. निकियाचं निशाणांचं नाणं परदेशी लिलावात स्वस्तात मिळतं, बहुतेकदा टपालखर्चच जास्त होतो. विक्रेत्याला नाणं कोणत्या जुन्या संग्रहातलं, कधीपासूनचं, हे लेखी मागा. तुर्कस्तानातून अशा वस्तू बाहेर नेणं तिथल्या कायद्यानं बंद आहे, त्यामुळे ‘ताजं निघालंय’ असं कुणी कौतुकानं सांगितलं तर घेऊ नका. जमिनीतून ओरबाडलेल्या नाण्याचं गाव कायमचं हरवतं. पार्सल कस्टममधून येतं, बिल आणि वर्णन नीट जोडायला लावा.

आपल्याकडचाही कायदा आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे मागवलेलं नाणं आवडलं नाही म्हणून परत करू, हा विचार सोडा. आणि इथल्या शेतात काही निघालं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मी खात्यात असताना दोघा शेतकऱ्यांना सोबत घेऊन गेले होते.

नकली नाण्याचा धडा मी पैसे मोजून घेतलाय. एका प्रदर्शनात अलेक्झांड्रियाचं म्हणून एक नाणं घेतलं. घरी येऊन कड पाहिली तर भोवताली बारीक शिवण, दोन साच्यांचा सांधा. पृष्ठभागावर रव्याच्या डोशासारखी जाळी, ओतीव धातूतले बुडबुडे. खरी नाणी ओतलेल्या चकतीवर ठोकून पाडायचे, त्यामुळे चकतीच्या कडेला थोडी खूण राहू शकते, पण चित्र कधी जाळीदार नसतं. सगळ्यात पक्की खूण ही : दोन वेगळ्या नाण्यांवर तीच चीर, तोच खड्डा त्याच जागी असेल तर दोन्ही सोडा. वजन लिहून ठेवा, पण नुसत्या वजनावर निकाल देऊ नका. तांब्याची नाणी पाडताना वजनाचा काटेकोरपणा नव्हताच.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू-मीठ, राख काहीही लावू नका. हे कळवळून सांगते आहे. वरचा हिरवा-काळा थर हीच त्या नाण्याची कातडी आहे, आणि मिठातलं क्लोराईड तांब्यात शिरलं की पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी सुटायला लागते. ती लाकडातल्या भुंग्यासारखी आतून खात जाते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की माझी सगळी नाणी भिंगाखालून जातात. भुकटी दिसलेलं नाणं वेगळं काढायचं आणि डिस्टिल्ड पाण्यात भिजवायचं, पाणी रोज बदलत, कित्येक आठवडे. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, वर्षभरात नाणं चिकट होतं.

प्रत्येक नाण्याला वहीचं एक पान द्या. वजन, व्यास, दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांच्या तुलनेत किती फिरलेली आहेत ते, लेख अक्षरशः जसा दिसतो तसा, आणि गावाचा हातानं काढलेला नकाशा : नदी कुठून, रस्ता कुठून, शेजारी कोण. निकियाचा नकाशा काढला तेव्हा मला कळलं की पूर्वेला जाणारं सैन्य याच वाटेनं जायचं. मग निशाणं का, हे विचारावं लागलं नाही.

शेजारी कोण, हे लिहिलं की पुढचं नाणं कोणतं घ्यायचं ते आपोआप ठरतं. गेल्या दिवाळीत मी निकोमिडियाची दोन घेतली. पहिलं सम्राट एलागाबालसचं, त्यावर ‘त्रिस’, तीनदा देवळाचा मान मिळालेल्या निकोमिडियाकरांचं. इ.स. 222 मध्ये एलागाबालस मारला गेला आणि त्यानं दिलेला तिसरा मानही काढून घेतला गेला. दुसरं त्याच्यानंतर आलेल्या सेव्हेरस अलेक्झांडरचं, त्यावर ‘दिस’, दोनदा. डब्यात ती निकियाच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलीत, लेखाची बाजू वर करून.