मे महिन्यातलं ईईजी आणि तेल लावलेले केस

फोंड्यात मे महिन्यात ईईजीचे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत संकेत टिपण्याचे, प्रयोग सुरू केले आणि पहिल्या चार स्वयंसेवकांचं रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागलं. पडद्यावरची रेघ लाटेसारखी हळूहळू वर-खाली व्हायची. कारण घाम. तो इलेक्ट्रोडखाली झिरपला की एका हर्ट्झहूनही मंद लहरी उठतात आणि मेंदूचे मायक्रोव्होल्टमधले संकेत त्यात बुडतात. आता खोली अर्धा तास आधीच गार करतो आणि आलेल्या माणसाला पंधरा मिनिटं नुसतं बसू देतो. तेवढ्याने रेघ सरळ झाली.

खरी अडचण तेलाची होती. डिचोलीहून एक मावशी आल्या, डोक्याला खोबरेल, वर अबोलीची वेणी. इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विजेला होणारा अडथळा, 40 किलोओहमच्या खाली येईना, आम्हाला हवा होता 5. "परीक्षेला यायचं म्हणून नीट तेल लावून आले रे," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. परीक्षा नाही, कधीही उठून जाता येतं, हे संमतिपत्रात होतं, पण आम्ही तोंडाने समजावलंच नव्हतं.

तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करतो: केस शांपूने धुवा, तेल नको, पोटभर जेवून या. इथे केस विंचरून भांग पाडायचा, त्वचा स्पिरिटने पुसायची, मग जेल. चार्जर खोलीबाहेर, वीजपुरवठ्याची 50 हर्ट्झची गुणगुण फिल्टरने झाकण्यापेक्षा मुळातच काढलेली बरी.

मावशी पुन्हा आल्या. डोळे मिटायला सांगितलं आणि डोक्यामागच्या इलेक्ट्रोडवर जाग्या पण निवांत मेंदूच्या, दहा हर्ट्झच्या स्वच्छ अल्फा लहरी उमटल्या. नंतर त्यांनाही दाखवल्या. वेणी त्यांनी पिशवीत ओल्या रुमालात जपून ठेवली होती.